ड्रॅगन फ्रूट: मुरमाड रानात लावावं का, आणि बाजारातलं फळ फिकं का लागतं?

शिवार_आटपाडी
मंडळी, आटपाडी भागात एक एकर मुरमाड रान आहे, फूटभर खाली खडकच लागतो. तेल्या रोगापायी डाळिंब काढून रान मोकळं केलंय. शेततळं आहे, टेंभू उपसा योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) आलं की भरून घेता येतं. आता ड्रॅगन फ्रूटचा विचार आहे. दोन गोष्टी नीट उलगडत नाहीत. एक, "याला पाणी लागत नाही, रोग येत नाही" असं रोपं विकणारे सांगतात, ते कितपत खरं? दुसरी, बाजारातून आणलेलं फळ घरात सगळ्यांना फिकं, पाणचट लागतं. चवच नसलेलं फळ पुढं कोण घेणार? आकड्यांनिशी सांगा म्हणजे हिशोब मांडता येईल.

जतचा_वारा
पाणी लागत नाही हे खोटं, कमी लागतं हे खरं. हा निवडुंग आहे. याची पर्णरंध्रं रात्री उघडतात, तेव्हा तो हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून घेतो आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करतो. त्यामुळं उन्हात पाणी उडून जात नाही. पण मुळं वरच्या हातभर मातीतच पसरतात, खोल जात नाहीत. म्हणून झाड जगायला थोडं पाणी पुरतं, फळ पोसायला मात्र नियमित लागतं.

हिशोब असा. वेल चढवायला सिमेंटचे पोल उभे करतात. दोन ओळींत १२ फूट आणि पोल ते पोल ८ फूट धरलं तर एकरात ४५३ पोल बसतात. पोलला ४ रोपं, म्हणजे १,८१२ रोपं. पोलला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, दोन तास चालवले की १६ लिटर. अख्ख्या एकराला एका वेळी सव्वासात हजार लिटर. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दिलं तर मार्च ते मे या तेरा आठवड्यांत साधारण १ लाख ९० हजार लिटर लागतील. शेततळ्यातून उडून जाणारं पाणी वेगळं धरा.

येरळाकाठ
वरच्या हिशोबात एक भर. पाणी कमी पडून मेलेल्या झाडांपेक्षा पाणी जास्त होऊन कुजलेली झाडं जास्त दिसतात. आवर्तन आलं की पाट भरून सोडायची सवय इथं चालत नाही. खोडाच्या बुडाला दोन-तीन दिवस पाणी साचलं की बुड मऊ पडतं, तपकिरी होतं आणि वास मारायला लागतं. मुरमाड रानात निचरा चांगला, म्हणून तुमचं रान या पिकाला पळूस-वाळव्याच्या काळ्या रानापेक्षा बरं. तरी बेड करा: ३ फूट रुंद, सव्वा ते दीड फूट उंच. ड्रिपर खोडापासून वीतभर लांब ठेवा, बुडाला चिकटून नको.

खडक फूटभरावर आहे म्हणता, मग पोलचे खड्डे ब्रेकरनं घ्यावे लागतील. तो खर्च आधी धरा. लोक तो विसरतात.

द्राक्षवेल
पोलवर मी थोडं लांबण लावणार आहे, कारण पुढची वीस वर्षं त्याच्यावरच बाग उभी राहते.

सिमेंटचा पोल साडेसहा ते सात फुटांचा घ्या, ४ बाय ४ इंच, आत किमान चार सळ्या. दीड ते दोन फूट जमिनीत, वर पाच फूट. त्यावर दोन फूट व्यासाची सिमेंटची रिंग किंवा चौकोनी प्लेट. चौथ्या वर्षी एका पोलवर ओल्या फांद्यांचं वजन शंभर किलोपर्यंत जातं. त्यात पावसानं रान भिजलेलं आणि वारा सुटलेला, की पोल जमिनीलगत मोडतो. सळई कमी घातलेला किंवा कच्चा भिजवलेला पोल तिथंच दगा देतो. घेताना एक पोल आडवा करून दोन टोकांना विटा ठेवा आणि मधे दोन माणसं उभी करा. तडा गेला तर तो माल घेऊ नका.

रिंगऐवजी जुने टायर लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. उन्हात रबर तापतं, त्याला टेकलेली फांदी भाजते. टायर झिजला की आतली तार बाहेर येऊन फांदी कापते आणि त्या जखमेतून कूज शिरते. वाचलेले पैसे तिसऱ्या वर्षी जातात.

माणगंगा
द्राक्षवेल दादांशी टायरबद्दल सहमत. पण पोलच्या जागी आता बरेच जण द्राक्षासारखी तारेची पद्धत करतात, तीही सांगायला हवी. दर दहा-बारा फुटांवर पोल, वर आडवी पट्टी, दोन्ही बाजूंनी तार आणि खाली ओळीत दीड-दोन फुटांवर एक रोप. एकरात रोपं जास्त बसतात, पोल कमी लागतात. फवारणी आणि तोडणी सोपी जाते, कारण रिंगच्या आतल्या फांदीपर्यंत हात घालावा लागत नाही.

द्राक्षवेल
माणगंगा, बरोबर. पण तार नुसती लावली तर वजनानं फांदी त्या तारेवर कापते. तारेवर जुन्या ड्रिपची १६ मिमी नळी चिरून चढवावी लागते. आणि दाटी वाढली की छाटणीही वाढते. माणसं मिळत असतील तर करा. पहिल्यांदाच लावणाऱ्यानं पोलपासून सुरुवात करावी.

कोशिंबीर
चवीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, तो मी घेते.

आंबा, केळी, चिकू झाडावरून काढल्यावर पिकतात, गोड होतात. ड्रॅगन फ्रूट तसं नाही. तोडलं त्या क्षणाला जेवढी साखर असेल तेवढीच राहते. घरी ठेवून साल मऊ पडेल, गोडी वाढणार नाही. फूल उमलल्यापासून साधारण २५ दिवसांनी सालीचा हिरवा रंग गुलाबी व्हायला लागतो आणि दोन-तीन दिवसांत फळ बाहेरून लाल दिसतं. आतली गोडी मात्र पुढच्या चार-पाच दिवसांत भरते. म्हणून तोडणी ३० ते ३३ दिवसांनी हवी. लांबच्या बाजाराला माल पाठवणारे लाल झालं रे झालं की तोडतात. ते फळ दिसायला देखणं आणि खायला काकडी!

दुसरं कारण जात. पांढऱ्या गराची फळं साधारण कमी गोड, लाल गराची जास्त. एकाच फळातही मधला भाग गोड आणि सालीलगतचा फिका असतो. म्हणून कापताना उभ्या फोडी करा, म्हणजे प्रत्येक फोडीला मधला भाग येतो. आडव्या चकत्या केल्या की टोकाच्या चकत्या ज्याच्या वाट्याला येतात तो नाक मुरडतो.

माणगंगा
कोशिंबीर ताई, ३३ दिवस थांबा म्हणणं सोपं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात माणदेशात परतीचा पाऊस एकदम येतो. पिकत आलेल्या फळाला अचानक पाणी मिळालं की साल तडकते, बुलबुल चोच मारतात आणि मुंग्या आत शिरतात. तडकलेलं फळ बाजारात जात नाही.

जतचा_वारा
तडकण्याचं मूळ कारण पाऊस नाही, आधीचा ताण आहे. फळ पोसताना दहा-बारा दिवस पाणी तोडलं आणि मग पाऊस आला तर साल ताणाला पुरत नाही. पावसाळ्यात खंड पडला की लगेच ड्रिप चालू करा, निम्मं का होईना. बेडवर बगॅस (उसाचा चोथा) किंवा काडाचं आच्छादन टाका, ओल सारखी राहते. एवढं केलं तर ३० दिवसांपर्यंत फळ सहसा धरता येतं. मोठ्या पावसाची चिन्हं असतील तर २८ व्या दिवशी तोडा, पण तो माल जवळच्या बाजारात "आजच खा" म्हणून विकू नका, वेगळा ठेवा.

गच्चीवरची_बाग
सातारा शहरातून विचारते आहे. गच्चीत ड्रममध्ये होतं का? आणि नुसतं फूल येऊन गळून जातं, फळ धरत नाही, त्याचं कारण काय?

येरळाकाठ
होतं. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापा, तळाला चार-पाच भोकं पाडा. मुरूम किंवा जाड वाळू चार भाग, माती तीन भाग, कुजलेलं शेणखत तीन भाग. मधे ४ इंची पीव्हीसी पाइप काँक्रीट भरून उभा करा, वर जुन्या सायकलच्या चाकाची रिम रबर काढून, कापड गुंडाळून बसवा. एका ड्रमला दोन रोपं पुरे. वजन मोठं होतं, म्हणून ड्रम कॉलमवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधे नको.

फळ का धरत नाही ते नीट सांगतो, कारण शेतातही पैसा इथंच अडकतो. अंगणातल्या ब्रह्मकमळाचा हा भाऊबंदच. फूल रात्री एकदाच उमलतं, संध्याकाळी सातनंतर उघडायला लागतं आणि सकाळी नऊपर्यंत मिटतं. याच्या मूळ देशात, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, वटवाघळं आणि निशाचर पतंग परागीकरण करतात. आपल्याकडं सकाळी येणाऱ्या मधमाश्यांवरच बरंचसं अवलंबून. त्यात लाल गराच्या काही जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचाच लागतो. गच्चीत एकच जात असेल तर फूल पाच-सहा दिवसांत पिवळं पडून गळणार.

उपाय हातानं. रात्री आठ ते अकरा किंवा पहाटे, फूल मिटायच्या आत. एका फुलातला पराग कोरड्या वाटीत झटकून घ्या, मऊ ब्रशनं दुसऱ्या जातीच्या फुलाच्या मधल्या चांदणीसारख्या भागावर सगळीकडून लावा. नुसता टेकवू नका. गरात जेवढ्या काळ्या बिया जास्त तेवढं फळ मोठं, आणि बिया परागावर ठरतात. त्यामुळं अर्धवट लावलं तर फळ धरतं पण लहान आणि वाकडं होतं. दुसरी जात त्याच रात्री फुलत नसेल तर पराग हवाबंद डबीत फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवता येतो.

माणगंगा
आणि फुलाच्या रात्री पाऊस असेल तर संध्याकाळीच पराग काढून घ्या. भिजलेला पराग वाया जातो. चार-पाच दिवसांनी सुकलेल्या पाकळ्या हलक्या हातानं ओढून काढा. त्या तशाच राहिल्या तर पाणी धरतात, फळाच्या टोकाला कूज लागते.

माळावरचा_निवडुंग
इतकी चर्चा परदेशी निवडुंगावर, आणि बांधावरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडं कुणाला आठवली नाहीत! तीही खायची असतात. कुसं फार बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत पण जिभेत रुततात. निखाऱ्यावर फिरवून जाळायची किंवा गोणपाटात घालून वाळूवर घासायची, मग साल सोलून गर खायचा. रंग ड्रॅगनसारखाच गडद.

कोशिंबीर
आणि तोही मूळचा अमेरिकेतलाच, निवडुंग बहुतेक सगळे तिकडचे. रंगद्रव्यही त्याच कुळातलं, बीटाच्या लाल रंगाचं. म्हणून लाल गराचं ड्रॅगन भरपूर खाल्लं की दुसऱ्या दिवशी लघवी-शौचाला लालसर रंग येतो. घाबरून दवाखान्यात धावू नका, दोन दिवसांत जातो.

फोडणी
नाव बदललंय ना याचं? कमलम?

जतचा_वारा
गुजरात सरकारनं जानेवारी २०२१ मध्ये कमलम म्हणायचं ठरवलं, बाहेरून कमळासारखं दिसतं म्हणून. बाजारात आपल्याकडं ड्रॅगनच चालतं.

फोडणी
मग आता खाण्याचं सांगा. डेंग्यूत प्लेटलेट वाढतात, साखरेवर चालतं, असं फळवाले सांगतात.

कोशिंबीर
प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. डेंग्यूत पोटात पाणी जाणं महत्त्वाचं, त्या दृष्टीनं कुठलंही रसाळ फळ चांगलंच. पण यापायी डॉक्टर आणि रक्ततपासणी टाळू नका.

१०० ग्रॅम गरात ढोबळमानानं ५० ते ६० कॅलरी, ११ ते १३ ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम तंतू, प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. खरा गुण तंतूंचा आणि बियांचा, पोट साफ राहतं. क जीवनसत्त्वासाठी मात्र याच्या मागं लागू नका. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, हे त्याच्या जवळपासही नाही. मधुमेह असेल तर अर्धं फळ फोडी करून चावून खावं, रस करून गाळला की तंतू जातात आणि साखर राहते. मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पोटॅशियमचं पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

फोडणी
स्वयंपाकात वापरताना एकच चूक सगळे करतात, लाल गर गॅसवर उकळतात. हा रंग उष्णतेनं मोडतो, सुंदर गुलाबीचा विटकरी तपकिरी होतो. म्हणून जॅमसाठी आधी साखर आणि लिंबाचा रस आटवून दोन तारी पाक करा आणि गर शेवटी घाला. अर्धा किलो गराला ३०० ग्रॅम साखर, दोन लिंबं. गर घातल्यावर सात-आठ मिनिटांच्या वर नको. हा जॅम थोडा पातळच राहतो आणि फ्रिजमध्येच ठेवायचा, महिन्याच्या आत संपवायचा.

मोसमात फळ स्वस्त झालं की गर मिक्सरमध्ये न फिरवता रवीनं घुसळा. मिक्सरनं बिया फुटून कडसर तुरट चव येते. किलोला दोन चमचे लिंबाचा रस घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. नंतर लस्सी, मठ्ठा, श्रीखंड, कशातही दोन खडे टाका. मुलांना तर नुसत्या रंगावरच आनंद. पांढऱ्या गराची कोशिंबीर चांगली होते: फोडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, मीठ, लिंबू, वरून जिऱ्याची फोडणी. दही नको, पाणी सुटतं. न उमललेल्या कळ्यांची भाजी व्हिएतनाम-तैवानकडं करतात. विरळणीत काढलेल्या कळ्या फेकण्यापेक्षा उभ्या चिरून लसणीवर परतून बघा, थोड्या भेंडीसारख्या बुळबुळीत लागतात.

द्राक्षवेल
विरळणीचा विषय निघाला म्हणून. एका फांदीवर एका बहराला एक, फार तर दोन फळं ठेवायची. कळी बोटाएवढी झाली की बाकीच्या काढायच्या. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहर टप्प्याटप्प्यानं येतात. पहिल्याच बहराला सगळी फळं धरली तर पुढचे बहर मार खातात.

आता रोगाचं. "रोग येत नाही" हे ऐकून मला राग येतो, कारण ते ऐकून माणूस बेसावध राहतो. फांदीवर आधी बारीक पांढरट-नारिंगी ठिपके, मग तपकिरी खवले आणि शेवटी भोकं, हा खोडावरचा कॅन्कर. पावसाळ्यात झपाट्यानं पसरतो. लागलेली फांदी खाली दोन-तीन इंच निरोगी भाग घेऊन कापा, शेताबाहेर नेऊन जाळा, कात्री प्रत्येक झाडाला स्पिरिटनं पुसा. कापलेल्या तोंडाला १० टक्के बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि छाटणीनंतर १ टक्का बोर्डोची फवारणी, म्हणजे तेच शंभर लिटरला. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्याला बोर्डो शिकवायला नको, तरी लोखंडी सुरी बुडवून बघाच. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, फांद्या जळतील. फुलात आणि काढणीच्या तोंडावर फवारू नका.

जतचा_वारा
आणि उन्हाचं कोण सांगणार? आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, तेव्हा पश्चिमेच्या फांद्या पिवळ्या पडतात, मग पांढरट भाजतात. नुसती पिवळी फांदी जूनमध्ये हिरवी होते. भाजलेली होत नाही, आणि कॅन्कर त्याच जागी शिरतो. मार्चच्या सुरुवातीला केओलिन (पांढरी चिनी माती) लिटरला ५० ग्रॅम, चिकटून राहायला स्टिकर घालून फवारा, महिन्यानं परत. पांढरा थर ऊन परतवतो. पश्चिमेच्या बांधाला शेवगा किंवा हादगा लावला तर दुपारनंतरची विरळ सावली मिळते. मुरमाड रानातल्या व्यवस्थापनाचं बघायचं असेल तर बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिचं प्रक्षेत्र असल्याच खडकाळ रानावर उभं आहे आणि तिथं या पिकावर काम झालंय. चौकशी करून एक चक्कर मारा.

गच्चीवरची_बाग
रात्री दिवे लावून हिवाळ्यात फळ घेतात म्हणे?

माणगंगा
घेतात. दिवस मोठा असला की हे झाड कळी धरतं. रात्रीच्या मध्यावर तीन-चार तास दिवे लावले की झाडाला रात्र तुटल्यासारखी होते आणि दिवस मोठा आहे असं ते धरतं. व्हिएतनाममध्ये बिन्ह थुआनकडं मोठ्या प्रमाणावर करतात. पण माण-खटावची थंडी आड येते. तिकडची उष्णता आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत नाही, कळी धरली तरी फळ पोसायला वेळ लागतो. आणि शेतीची वीज रात्री कधी येईल त्या वेळापत्रकावर दिवे चालवता येत नाहीत. बाग तीन-चार वर्षांची झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

शिवार_आटपाडी
सगळ्यांचे आभार. एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या एकराऐवजी आधी वीस गुंठे करावं म्हणतो, १२ बाय ८ नं सव्वादोनशे पोल, नऊशे रोपं. खताचं आणि रोपं निवडण्याचं कुणी सांगेल का? अनुदानाचंही.

येरळाकाठ
वीस गुंठे हा निर्णय चांगला. फुलाच्या रात्री हातानं परागीकरण किती जमतं आणि माल कुठं जातो हे कळलं की वाढवा.

खत: पोलला वर्षाला १० ते १५ किलो कुजलेलं शेणखत. वाढीच्या काळात प्रति रोप युरिया ७० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ९०, म्युरेट ऑफ पोटॅश ४०, तीन-चार हप्त्यांत. फळावर आल्यावर नत्र कमी, पालाश जास्त: एप्रिलमध्ये कळीआधी याच तीन खतांचं ५०:५०:१०० (प्रति रोप ग्रॅम, याच क्रमानं) आणि जुलै-ऑगस्टला फळ पोसताना परत तेवढंच. डिसेंबरला काढणी-छाटणी उरकली की ३०:८०:५०. नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत वाढतात, कळी कमी आणि कूज जास्त.

अनुदानाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच लावा. आधी लावून मग अर्ज केला तर अडतं. रक्कम आणि अटी बदलत असतात, तालुका कृषी कार्यालयात ताज्या विचारा.

द्राक्षवेल
रोपांबाबत. जंबो रेड, सियाम रेड अशी नावं सर्रास सांगतात आणि एकाच नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. नावावर जाऊ नका. ज्या बागेतून कलमं येणार ती बाग फळाच्या दिवसांत बघा, फळ कापून खा, एकच जात लावूनही फळ धरतंय का ते विचारा. दहा पोलला एक पोल दुसऱ्या, एकाच वेळी फुलणाऱ्या जातीचा ठेवा. बियांपासूनची रोपं घेऊ नका, फळाला चार-पाच वर्षं लागतात आणि सारखेपणा राहत नाही. कलमाचं झाड दीड वर्षात पहिली फळं दाखवतं, तिसऱ्या वर्षापासून खरा माल.

स्वतः कलम करायचं तर वर्षभराची गडद हिरवी फांदी, फूट-सव्वा फूट. खालचं टोक पेन्सिलीसारखं छिलून आतला कठीण गाभा अर्धा-पाऊण इंच उघडा करा. सावलीत पाच-सात दिवस सुकवा, ओली फांदी मातीत टोचली की कुजते. मग पिशवीत लावा, पाच-सहा आठवड्यांत मुळं धरते. टोक उलटं लावू नका. फांदीवरचे काटे वरच्या बाजूला झुकलेल्या खाचेत असतात, ती खूण बघून घ्या.

जतचा_वारा
लावताना मातीत दीड-दोन इंचच, जास्त खोल नाही. पोलला चार बाजूंना चार रोपं, सपाट बाजू पोलला टेकवून. फूट-फूट अंतरावर सुतळीनं सैल बांधा, नायलॉन दोरीनं खोड कापतं. रिंगपर्यंत एकच फांदी सरळ न्या, मधले फुटवे मोडत राहा. रिंगच्या वर गेली की शेंडा खुडा, तीन-चार फांद्या फुटून बाहेर लोंबतात.

पोल मेअखेर उभे करून घ्या. रोपं जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. मधल्या १२ फुटांत पहिली दोन वर्षं हुलगा, मटकी, मूग घ्या. बाजरी-तूर नको, वाढणाऱ्या झाडावर दाट सावली पडते.

शिवार_आटपाडी
जूनला लावतो. पोलवाल्याकडं जाताना दोन विटा आणि दोन माणसं बरोबर नेतो.